वडिलांच्या कपाटातले .३२ रिव्हॉल्व्हर: आधी काय, मग काय

आपल्या प्रश्नाचा गाभा असा आहे. वडिलांचे काही महिन्यांपूर्वी निधन झाले. संगमेश्वर तालुक्यातील घरी त्यांच्या कपाटात चामडी होल्स्टरमध्ये ठेवलेले वेब्ली अँड स्कॉट बनावटीचे .३२ रिव्हॉल्व्हर आणि जुन्या काडतुसांचा अर्धा डबा सापडला. परवाना वडिलांच्या नावावर असून त्याची मुदत अजून शिल्लक आहे, म्हणून घरच्यांचे म्हणणे असे की घाई करण्याचे कारण नाही. आपल्याला ते शस्त्र स्वतःच्या नावावर करून घ्यायचे आहे, त्यावर नेमबाजी शिकायची आहे आणि जमल्यास पुढे जुन्या रिव्हॉल्व्हरांचा संग्रह करायचा आहे. शस्त्रांची दुरुस्ती आणि नेमबाजीचे प्रशिक्षण यांत माझे आयुष्य गेले आहे, आणि असे प्रश्न घेऊन येणारी माणसे मला नेहमी भेटतात. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या तिन्ही इच्छा योग्य आहेत, पण त्यांचा क्रम बदलता येत नाही. आधी कायदा, मग शस्त्राची प्रकृती आणि त्यानंतर नेमबाजी. संग्रहाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

घाई नाही, हे घरच्यांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि ते आजच दुरुस्त करावे लागेल. शस्त्र परवाना व्यक्तीला मिळतो, घराला किंवा शस्त्राला नव्हे. परवानाधारक गेला की कागदावर मुदत कितीही शिल्लक असली तरी घरातल्या इतर कोणालाही ते शस्त्र बाळगण्याचा अधिकार उरत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ज्याच्या ताब्यातील शस्त्र कायदेशीर राहिलेले नाही, त्याने ते विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे झाली आहे. दुःखात असलेल्या कुटुंबावर कोणी लगेच गुन्हा दाखल करतो असे नाही, पण महिन्यांमागून महिने गेले आणि मध्येच घरात चोरी झाली किंवा भाऊबंदकीतून कोणी तक्रार केली, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर पुरत नाही.

जमा करायला स्वतः रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून निघू नका. आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. त्यात वडिलांचे नाव, परवाना क्रमांक, शस्त्राची बनावट, त्यावरील क्रमांक, काडतुसांची संख्या आणि मृत्यूचा दिनांक लिहा, मृत्यू दाखल्याची प्रत जोडा आणि शस्त्र कोणत्या रीतीने आणून द्यायचे हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. पावती घेताना तिच्यावरील शस्त्राचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे तिथेच उभे राहून ताडून पाहा. क्रमांकातला एखादा आकडा चुकल्यामुळे हस्तांतर अडकून राहिल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि ती सुटायला फार वेळ लागतो. शक्य असेल तर पोलीस ठाण्यापेक्षा चांगल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करणे मी पसंत करतो. तिथे थोडे भाडे द्यावे लागते, पण शस्त्राला तेल लागते. ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, विशेषतः कोकणच्या पावसाळ्यात, ते गंजण्याची भीती मोठी असते.

जमा केले म्हणजे हातचे गेले, असे मात्र मुळीच नाही. कलम २१ मध्येच वारसाचा हक्क राखलेला आहे. वारसाला विहित मुदतीत परवाना मिळाला तर ते शस्त्र परत मिळते, किंवा योग्य परवाना असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला ते विकता येते. मुदत उलटू दिली तर मात्र ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून पावती कपाटात ठेवून विसरू नये, लगेच परवान्याचा अर्ज करावा. आपल्या बाबतीत परवाना देणारे अधिकारी म्हणजे रत्नागिरीचे जिल्हादंडाधिकारी. आपण मुंबई किंवा पुण्यासारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असता तर हे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असते.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. धारक हयात असताना त्याचे वय ७० झाले किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर तो स्वतःच वारसाचे नाव सुचवू शकतो. ज्यांचे आईवडील आज परवानाधारक आहेत त्यांनी ही दुसरी वाट जरूर वापरावी. पुढची बरीच धावपळ त्यामुळे वाचते. नव्या अर्जदाराला ‘मला शस्त्राची गरज का आहे’ हे पटवून द्यावे लागते, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात. वारसाच्या अर्जात त्या निकषावर अडवणूक होऊ नये अशी नियमांची रचना आहे. मात्र पोलीस अहवाल स्वच्छ हवा, वय २१ पूर्ण हवे, वैद्यकीय प्रमाणपत्र हवे, शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र हवे आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी हवी. इतर सर्व वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर घ्यावी. भाऊ-बहिणींमध्ये जमिनीवरून वाद असेल तर शस्त्रही त्यात ओढले जाते, म्हणून ही संमती पहिल्या महिन्यातच लिहून घेतलेली बरी. परवाना मिळाला की आता तो ५ वर्षांसाठी असतो.

यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर बाकीचे सगळे अवलंबून आहे: आपले रिव्हॉल्व्हर खरोखर .३२ चे आहे का? वेब्लीने .३२ ची छोटी रिव्हॉल्व्हरे केली, तशीच लष्करासाठी .४५५ आणि .३८ चीही केली, आणि दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या माणसांच्या घरांत ही मोठी शस्त्रे अजून निघतात. .३८ आणि .४५५ हे आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापे) आहेत. त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावे लागते, आणि विनापरवाना सापडल्यास शिक्षा ७ ते १४ वर्षांची आहे. नळीवर आणि सिलिंडरवर (काडतुसे बसवायच्या फिरत्या भागावर) कोरलेले आकडे भिंगाने वाचा. परवान्यावर कारकुनाने लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका.

आता शस्त्राच्या प्रकृतीकडे येतो. हे काम परवाना हाती आल्यावर, किंवा शस्त्र विक्रेत्याकडे जमा असताना त्याच्या परवानगीने, जाणकार कारागिराकडून करून घ्यायचे आहे. तरीही काय पाहायचे हे मालकाला कळले पाहिजे, कारण जुनी शस्त्रे हाताळणारे चांगले कारागीर आता थोडेच उरले आहेत.

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे १८९७ मध्ये स्कॉट आणि एलिस या घराण्यांशी एकत्रीकरण झाले आणि वेब्ली अँड स्कॉट हे नाव आले. त्यांच्या बहुतेक प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरांप्रमाणे आपलेही मधून मोडणारे असणार. घोड्याच्या, म्हणजे काडतुसावर टोला मारणाऱ्या मागच्या भागाच्या, बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी आणि सिलिंडर पुढे झुकतात आणि मधला ताऱ्याच्या आकाराचा भाग वर येऊन सहाही पुंगळ्या (काडतुसांची रिकामी धातूची आवरणे) एकदम बाहेर टाकतो. ही रचना वेगवान आणि देखणी आहे, पण तिची ताकद दोन ठिकाणी एकवटलेली आहे: खालची बिजागरी आणि वरचा खटका. प्रत्येक गोळीचा झटका हे दोघे सोसतात. म्हणून रिव्हॉल्व्हर उघडून सहाही चेंबर (सिलिंडरमधली काडतुसांची छिद्रे) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री केल्यावर पहिली परीक्षा यांचीच करायची. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी घट्ट धरून वरखाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. चांगल्या स्थितीतल्या वेब्लीत हालचाल जाणवतच नाही. खटका बंद असताना नळी टिकटिकत असेल, तर ते शस्त्र दाखवायला ठेवावे, चालवू नये.

दुसरी परीक्षा सिलिंडरची. घोडा पूर्ण खाली नेऊन चाप मागे दाबून धरा आणि सिलिंडर फिरवून पाहा. किंचित हालचाल सगळ्यांत असते, पण बोटाला ती खडखड जाणवली तर सिलिंडर अडवणारा भाग झिजला आहे. मग सिलिंडर पुढे-मागे ढकलून पाहा, आणि नळीच्या मागच्या टोकात व सिलिंडरच्या तोंडात किती फट आहे ते फिलर गेजने (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर ठीक. ०.३ च्या पुढे गेली तर त्या फटीतून तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूला उडू लागतात. शेवटी घोडा अगदी सावकाश ओढत सहाही चेंबर एकेक करून तपासा. घोडा सुटण्याआधी सिलिंडर जागेवर बसून ‘टक्’ असा आवाज झालाच पाहिजे. पाच चेंबरना झाला आणि सहाव्याला नाही, तर त्या सहाव्या चेंबरची गोळी नळीच्या कडेवर आदळेल. असे शस्त्र कारागिराच्या हाती देऊन पुढची गोष्ट करावी.

नळीच्या आत पाहायला उजेड आणि धीर दोन्ही हवेत. आधी स्वच्छ करा, मग खिडकीकडे धरून पाहा. चिमटीभर गंजाचे खड्डे असले तरी रिव्हॉल्व्हर चालते, अचूकता मात्र थोडी कमी होते. खरी धास्ती एका गोल सावलीची असते: नळीच्या आत एका जागी कंकणासारखे काळसर वर्तुळ दिसते आणि बाहेरून त्याच ठिकाणी बोट फिरवले तर अगदी सूक्ष्म उंचवटा लागतो. कधीतरी एक गोळी नळीत अडकली, मागून दुसरी मारली गेली आणि तिथे पोलाद फुगले, असा त्याचा अर्थ. हे दुरुस्त होत नाही.

नळीवर आणि सिलिंडरवर बर्मिंगहॅमच्या तपासणी गृहाच्या लहान खुणा असतात. त्या वाचायला शिका. १८१३ मध्ये स्थापन झालेले हे गृह प्रत्येक शस्त्र जादा दाबाच्या काडतुसाने तपासून मुकुटाची खूण उमटवते. १९०४ नंतरच्या नियमांत धूरविरहित दारूसाठीच्या (आजच्या बारुदासाठीच्या) तपासणीला मुकुटाखाली एनपी ही अक्षरे आली. तशी खूण नसलेले एकोणिसाव्या शतकातले शस्त्र काळ्या दारूसाठी (जुन्या, धूर करणाऱ्या बारुदासाठी) घडलेले असण्याची शक्यता असते, आणि त्यात आजचे काडतूस घालणे मी कोणालाही सुचवणार नाही, मग ते बाहेरून कितीही मजबूत दिसो.

आपण विचारले आहे की वडील दर दसऱ्याला रिव्हॉल्व्हरला खोबरेल तेल लावत, ते चालेल का. श्रद्धा समजते, पण तेल चुकीचे आहे. खोबरेल थंडीत गोठते आणि वर्षानुवर्षांनी चिकट, पिवळट रापासारखे होऊन बसते. अशा घरगुती तेलावर ठेवलेल्या वेब्लीच्या मुठीच्या पट्ट्या काढल्या की आतल्या मुख्य स्प्रिंगवर हा थर नखाने खरवडावा लागतो. घोडा त्यामुळे जड पडतो आणि प्रायमरवर (काडतुसाच्या तळातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) बसणारा टोला कमजोर होतो. लोक म्हणतात ‘काडतूस खराब आहे’, आणि खराब असते ते तेल. शिलाई मशीनचे हलके खनिज तेलही खोबरेलापेक्षा चांगले. थोडे लावा आणि पुसून घ्या, शस्त्र तेलात बुडवू नका. मुठीच्या काळ्या पट्ट्या व्हल्कनाइटच्या (कडक रबराच्या) असतील तर त्या जुन्या होऊन ठिसूळ झालेल्या असतात. स्क्रू काढताना त्याच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस वापरा, नाहीतर आधी स्क्रूचे डोके आणि मग पट्टी जाते.

चामडी होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर बाहेर काढा आणि पुन्हा त्यात साठवून ठेवू नका. चामड्यात ओल धरते, कमावताना वापरलेली रसायने त्यात उरतात, आणि कोकणच्या हवेत ज्या बाजूने चामडे टेकते त्याच बाजूला निळसर मुलामा गंजतो. होल्स्टर जपून ठेवा, ते मौल्यवान आहे, पण वेगळे ठेवा. शस्त्र मऊ सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कुलूपबंद लोखंडी पेटीत असावे आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात. गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर किंवा ब्रासो घेऊन बसू नका. यात दुहेरी नुकसान आहे. मूळ मुलामा गेला की शस्त्राचे मोल निम्म्याहून खाली येते. आणि घासताना क्रमांक किंवा बनावटीची खूण पुसली गेली तर तो कलम ८ खालचा गंभीर प्रश्न होतो, कारण ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे कायद्याने मना आहे.

त्या अर्ध्या डब्यातली काडतुसे शस्त्राबरोबरच जमा करा. ती चालवण्याचा विचार मनातून काढून टाका. इतक्या वर्षांच्या काडतुसात प्रायमर उशिरा पेटतो, किंवा पेटतो पण दारू पुरती जळत नाही आणि गोळी नळीतच थांबते. वर सांगितलेले कंकण असेच तयार होते. जुन्या इंग्रजी काडतुसांच्या प्रायमरमध्ये असे क्षार असत की गोळी मारल्यानंतर नळी गरम पाण्याने धुतली नाही तर एका रात्रीत गंज चढे.

नवी काडतुसे घेताना आपल्याकडे एक घोटाळा वारंवार होतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. बाजारात ‘.३२’ नावाची दोन वेगळी काडतुसे आहेत. एक रिव्हॉल्व्हरचे, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. हे १८९६ मध्ये स्मिथ अँड वेसनने आणले, त्याची पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर लांब असते आणि तळाला बाहेर आलेली पूर्ण कड असते. दुसरे पिस्तुलाचे, ज्याला ७.६५ मिलिमीटर असेही म्हणतात. त्याची कड जेमतेम बाहेर असते. पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये शिरते, आणि इथेच धोका आहे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा कमाल दाब प्रति चौरस इंच १५,००० पौंड धरलेला आहे, पिस्तुलाच्या काडतुसाचा २०,५००. मधून मोडणाऱ्या जुन्या वेब्लीला हा फरक सोसवणारा नाही. उलट दिशेची अडचणही असते: काही छोट्या खिशातल्या वेब्लींची चेंबर .३२ च्या आखूड काडतुसासाठी आहेत, ज्याची पुंगळी साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास असते. लाँगच्या चेंबरमध्ये आखूड चालते. आखूडच्या चेंबरमध्ये लाँग बळजबरीने बसवू नये. चेंबरची खोली कारागिराकडून मोजून घ्या आणि त्याने सांगितलेले काडतुसाचे पूर्ण नाव एका चिठ्ठीवर लिहून शस्त्राच्या पेटीत ठेवा.

रिव्हॉल्व्हरच्या देशी काडतुसाच्या तळावर आपल्याला ‘केएफ’ ही अक्षरे दिसतील. ती पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची खूण आहे. १८६९ पासून चालत आलेला हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा भाग आहे. .३२ साठी मी हीच काडतुसे सुचवतो. डबा घेताना उत्पादनाचे वर्ष वाचा, विक्री परवान्यावर नोंदवून घ्या आणि परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा एकही काडतूस जास्त घरी ठेवू नका.

नेमबाजीसाठी माझा आग्रह असा की सुरुवात या रिव्हॉल्व्हरवर करू नये. जुन्या शस्त्राची दृष्टिखूण (नेम धरायची खूण) स्थिर आणि बारीक असते, चाप जड असतो आणि काडतूस महाग पडते. नवशिका यात आवाजाला दचकायला शिकतो, आणि ती सवय काढायला फार त्रास होतो. आधी १० मीटरवरील एअर पिस्तूल शिका. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही, त्यामुळे आपला अर्ज कार्यालयात असताना हा काळ वाया जाणार नाही. महाराष्ट्रात मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रेंज आहे, आणि कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे अशी माणसे घडवली आहेत. आपल्या तालुक्याचा या खेळाशी जुना धागा आहे, हेही सांगायला हवे: १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया उभी करणारे लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचे मूळ गाव संगमेश्वरातलेच, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने होते.

आपल्याच रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला खेळातही मान आहे. २५ मीटर सेंटर फायर (तळाच्या मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसाच्या) पिस्तूल प्रकारात .३२ लाँगचे सपाट तोंडाच्या गोळीचे रूप जगभर वापरतात. त्यात ६० गोळ्या असतात: ३० सावकाश अचूकतेच्या, आणि ३० अशा की लक्ष्य फक्त ३ सेकंद दिसते. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुणांसह सुवर्णपदक मिळवले. आपली वेब्ली त्या पातळीची स्पर्धा खेळण्यासाठी नाही, पण १० ते १५ मीटरवर ती समाधान देऊ शकते.

रेंजवर पहिल्या दिवशी सिलिंडरमध्ये एकच काडतूस घाला. दोन्ही हातांनी धरा, पण आधाराच्या हाताचा अंगठा किंवा बोट सिलिंडर आणि नळीमधल्या फटीजवळ कधीही येऊ देऊ नका; पिस्तुलावर शिकलेली माणसे हे विसरतात आणि वायूचा चटका बसतो. घोडा आधी मागे ओढून मग हलक्या चापाने मारा. नजर पुढच्या खुणेवर धरा, लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालेल. चाप दाबला आणि आवाज झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, तर ती थांबण्याची खूण समजा: शस्त्र रिकामे करा आणि नळीतून उजेड दिसतो का ते पाहा, मगच पुढची गोळी. रेंजबाहेर, स्वतःच्या आमराईतसुद्धा, सराव करू नका. लग्नात किंवा वरातीत हवेत गोळी मारण्याला २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वेगळी शिक्षा आहे.

संग्रहाबद्दल स्पष्ट बोलतो. अमेरिकेतल्या संग्राहकासारखी भिंतभर रिव्हॉल्व्हरे आपल्याकडे शक्य नाहीत. १९८३ पर्यंत संख्येला मर्यादा नव्हती, म्हणून जुन्या संस्थानिक आणि सरदार घराण्यांत कपाटेच्या कपाटे होती. १९८३ मध्ये मर्यादा तीन शस्त्रांची झाली आणि २०१९ मध्ये दोनची. वारसाहक्काने येणारे शस्त्रही या दोनमध्येच धरले जाते, त्यामुळे आपल्या नावावर आधीच दोन असतील तर वडिलांचे रिव्हॉल्व्हर घेण्यासाठी एक सोडावे लागेल. नामांकित नेमबाजांना वेगळी सवलत आहे, पण ती खेळातल्या कामगिरीवर मिळते. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या, आणि दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा शस्त्रांना सूट आहे. पण एखादे १८५० च्या दशकातले अ‍ॅडम्स किंवा कोल्टचे टोपीचे (काडतुसाऐवजी सुटी दारू, गोळी आणि पेटवणारी टोपी वापरणारे) रिव्हॉल्व्हर त्यात बसते की नाही, हे आपण ठरवायचे नसते. परवाना कार्यालयाकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय असे शस्त्र विकत घेऊ नका, विकणारा कितीही खात्रीने सांगो.

या चौकटीत संग्रह करायचा असेल तर थोडी शस्त्रे आणि त्यांची पुरती माहिती, हा मार्ग मला सर्वांत समाधानाचा वाटतो. आपल्याच वेब्लीपासून आरंभ करा. नळीच्या वरच्या पट्टीवर भिंग धरा: तिथे बहुधा बनवणाऱ्याचेच नाव असते, पण कधी विकणाऱ्या दुकानाचेही कोरलेले सापडते, जसे कलकत्त्याचे मँटन किंवा रॉडा, किंवा मुंबईतही दुकान असलेले आर्मी अँड नेव्ही. असे नाव सापडले तर शस्त्र कोणत्या वाटेने घरात आले याचा धागा मिळतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या कागदांत खरेदीची पावती, जुन्या परवान्याची पुस्तिका, काडतुसांच्या नोंदी शोधा. आयात बंद होऊन १९८० च्या दशकापासून इतका काळ लोटला आहे की कागदपत्रांसह आलेल्या अस्सल इंग्रजी रिव्हॉल्व्हरला आपल्याकडे देशी नव्या रिव्हॉल्व्हरच्या तुलनेत बरीच जास्त किंमत येते.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच रचनेवर आधारलेले आहे. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमचे असल्याने त्याच काडतुसाचा झटका हातात जास्त जाणवतो, आणि २०२३ च्या ‘प्रबल’मध्ये सिलिंडर बाजूला उघडते. दुसरे शस्त्र घ्यायचेच झाले तर मी रोजच्या सरावासाठी असे नवे देशी रिव्हॉल्व्हर घ्यायला सांगेन आणि जुन्या वेब्लीला वर्षातून मोजक्याच गोळ्यांचे काम देईन.

आणि समजा तपासणीत बिजागरी सैल निघाली, किंवा घरात पुढे कोणालाच याची आवड नसेल, तर ते विकण्यात काही कमीपणा मानू नका. विकताना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी सूचना देऊन किमान ४५ दिवस थांबावे लागते, आणि घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या शस्त्राचा परवाना असावा लागतो. विक्रेत्यामार्फत व्यवहार केला तर ही कागदपत्रे तोच सांभाळतो. पोलीस ठाण्यातील पावतीचा दिनांक आणि तपासणीनंतर कारागिराने लिहून दिलेले फटीचे माप मला कळवा. त्यावरून रिव्हॉल्व्हर चालवावे की नुसते सांभाळावे, हे नक्की सांगता येईल.